बाकडां मात्र बरां इलां

उजेडात फोटो कुणीही काढतो, खरा कस काळोखात लागतो, असं मी लोकांना बरीच वर्षं सांगत आलो. काळोखात फोटो काढायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, त्यामुळं हे मी फार ठामपणे सांगत असे. भर उन्हात, समोर न हलणारा माणूस आणि मागं कोरी भिंत असली की माझा कॅमेरा ‘पिक्’ असा बारीक आवाज करतो, आतल्या चौकटीखाली हिरवा ठिपका लागतो आणि फोटो येतो. त्या ‘पिक्’च्या भांडवलावर नात्यागोत्यातली बारशी, मुंजी आणि साठीशांती मी पार पाडल्या होत्या. मोबदला म्हणून मला पहिल्या पंगतीला बसवत. नंतर फोटो कुणी मागितले नाहीत, याचा अर्थ लोकांचा माझ्यावर विश्वास आहे असा मी घेत आलो.

ही कीर्ती कोकणात पोचायला वेळ लागला नाही, कारण ती पोचवायची व्यवस्था मीच केली होती. माझा आतेभाऊ वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावच्या देवस्थान समितीचा खजिनदार. समितीनं दिनदर्शिका काढायचं ठरवलं. बारा महिने, बारा फोटो, सगळे जत्रेच्या रात्रीच्या दशावताराचे. गावात फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओवाला पैसे घेतो. मी घेत नाही. निवड एकमतानं झाली.

‘दादा, नाटक राती आसता,’ आतेभाऊ फोनवर म्हणाला. ‘तुझ्या कॅमेऱ्यात काळोखातला येता मां?’

‘अरे, काळोखासाठीच घेतलाय तो,’ मी म्हणालो.

हे अगदीच खोटं नव्हतं. खोक्यावर लिहिलंच होतं तसं : ऑटोफोकस उणे तीन ईव्हीपर्यंत चालतो. फोटोवाले लोक उजेड ईव्हीत मोजतात. शून्य ईव्ही म्हणजे आयएसओ १००, लेन्सचं तोंड एफ/१ एवढं उघडं, आणि पडदा पुरा एक सेकंद उघडा ठेवला तर बरा फोटो येईल एवढा उजेड. तिथून एकेक आकडा खाली उतरलं की उजेड निम्मा होतो. उणे तीन म्हणजे त्या मिणमिणत्या उजेडाचाही आठवा हिस्सा, जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. चांदण्यात ज्याचा फोकस लागतो तो मंडपातल्या दिव्यांना काय भिणार? खोक्यावरच्या त्या आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी होती, आणि चांदणीचा खुलासा पुस्तिकेत तळाला मुंगीच्या अक्षरात होता : हे फक्त मधल्या बिंदूपुरतं. बाकीच्या बिंदूंबद्दल कंपनीनं सभ्यपणे मौन पाळलं होतं. पण तो खुलासा मी जत्रेहून परतल्यावर वाचला. पुस्तिका वाचायची हीच वेळ असते.

निघण्याआधी घरी एक चाचणी मात्र घेतली. दिवाणखान्यातले दिवे मालवले आणि बायकोला काळी शाल पांघरून उभं राहायला सांगितलं. तिनं कारण विचारलं. कारण सांगितल्यावर ती आत निघून गेली. मग खुर्चीवर काळी छत्री उघडून ठेवली. कॅमेरा बराच वेळ घुर्र-घुर्र करत राहिला, फोटो काही काढेना. घरातला काळोख गरजेपेक्षा जास्त आहे, असा निष्कर्ष काढून मी दिवे लावले, छत्रीचा उत्तम फोटो काढला आणि रात्रीची गाडी पकडली.

दशावतार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पालखीची प्रदक्षिणा आटोपली की मध्यरात्रीच्या सुमाराला नाटक उभं राहतं आणि पहाटे दहीकाल्यानं संपतं. म्हणून कोकणात त्याला ‘धयकालो’च म्हणतात. लेखी संहिता नसते, कलाकार संवाद जागच्या जागी रचतात. मंचावर मधोमध एक लाकडी बाकडं आणि कडेला पेटी, पखवाज, झांज. त्या बाकड्याचं पुढं सिंहासन होतं, पलंग होतो, वेळ पडली तर पर्वतही होतो. बायकांची कामं पुरुषच करतात, आणि समोर चटईवर बसलेल्या खऱ्या बायका त्यांच्या नेसण्यातल्या चुका काढू पाहतात. सहसा सापडत नाहीत. मुख्य आख्यानाआधी आडदशावतार होतो. त्यात गणपती येतो, सरस्वती येते, भटजी येतो, आणि मग येतो वेद चोरणारा संकासुर.

हा संकासुर डोक्यापासून पायापर्यंत काळा. अंगात काळा घोळदार पेहराव, तोंडावर काळा बुरखा, आणि त्यातून बाहेर लोंबणारी लालभडक जीभ. बोलणार मालवणीत, आणि समोर बसलेल्या कुणालाही सोडणार नाही. लहानपणी याच संकासुराला भिऊन मी आत्येच्या पदरामागं लपलो होतो. या वयात तो माझ्या कॅमेऱ्याच्या वाट्याला जाईल असं वाटलं नव्हतं.

इथं ऑटोफोकस काय करतो ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा दोष तुम्ही माझ्यावर टाकाल. माझा कॅमेरा आरशाचा, म्हणजे डीएसएलआर. लेन्समधून आलेल्या उजेडातला थोडा भाग मोठ्या आरशातून आरपार जातो, मागच्या लहान आरशावर आपटून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या सेन्सरवर पडतो. लेन्सच्या एका कडेनं आलेलं चित्र आणि समोरच्या कडेनं आलेलं चित्र तिथं एकमेकांशी ताडून बघतात. दोन्ही नीट जुळली की फोकस लागला. सरकलेली असली तर किती आणि कुठल्या बाजूला सरकलीत यावरून लेन्स कुठं, किती फिरवायची ते लगेच कळतं. फार हुशार युक्ती आहे. पण ताडून बघायला चित्रात काहीतरी असावं लागतं : एखादी कड, रेघ, काळ्याशेजारी पांढरं. या यंत्राला देव कळत नाही, राक्षस कळत नाही, नातेवाईकही कळत नाहीत. त्याला फक्त फरक कळतो. काळोखात काळा कपडा घालून उभा असलेला माणूस त्याच्या लेखी तिथं नसतोच.

मग तो काय करतो? हुडकायला लागतो. लेन्स जवळच्या टोकापासून लांबच्या टोकापर्यंत जाते आणि परत येते. चष्मा घरी विसरून एसटी स्टँडवर आलेला माणूस जसा प्रत्येक गाडीच्या पाटीला नाक लावून येतो आणि फलाटावर परत उभा राहतो, तसं. त्यात माझ्या कॅमेऱ्याची निष्ठा अशी की फोकस लागल्याखेरीज तो फोटोच काढत नाही. बटण कितीही दाबा.

सुरुवात वाईट झाली नाही, हे नमूद करायला हवं. मी अगदी पुढं, पोरांच्या घोळक्यात, चटईवर जागा धरली होती. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ वर जाते, म्हणून ती पिशवीत ठेवून ५० मिलिमीटरची एफ/१.८ वाली लावली होती. दोहोंत उजेडाचा जवळजवळ दहापट फरक पडतो. हे मी शेजारच्या पोराला समजावून सांगितलं. त्यानं मला खाजं दिलं. गणपती आला, त्याच्या मुकुटाची झळाळी कॅमेऱ्याला लगेच सापडली. पिक्. सरस्वतीच्या शालूचे काठ सापडले. पिक्. जानेवारी आणि फेब्रुवारी झाले, असं मी मनाशी म्हटलं.

आणि संकासुर आला.

मी कॅमेरा रोखला. घुर्र. लेन्स गेली, आली. परत घुर्र. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला एक पिवळट दिवा लागला. मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं की माझ्या कॅमेऱ्याला असा दिवा आहे. अपुऱ्या उजेडात ऑटोफोकसला मदत व्हावी म्हणून तो आपला आपण लागतो. अगदी जवळच्या माणसावर त्याचा उपयोग होतो, आणि संकासुर अगदी जवळ होता. दिवा थेट त्याच्या बुरख्यावर.

संकासुर बोलता बोलता थांबला. पखवाजवालाही थांबला.

‘ए भटा,’ संकासुर म्हणाला, ‘ह्यो दिवो खंयसून इलो? माका वाटलां विष्णू इलो. बघतंय तर मुंबयकार!’

मंडप हसला. मी हसलो. आपण चेष्टा खेळीमेळीनं घेतो हे दाखवायला मी पुन्हा बटण अर्धं दाबलं. पुन्हा दिवा.

‘मेल्या, माझो फोटो काढतस काय माका पेटवतस?’

‘अरे, तो फोकस करता,’ भटजीनं माझी बाजू घेतली.

‘फोकस? मिया काळो, काळोख काळो, ह्येचो फोटो पण काळोच येतलो! त्यापरास घराकडे बसान कोळशाचो फोटो काढ म्हणा. कोणाक कळूचा नाय!’

बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. त्यांत आमची आत्ये होती. दिव्यावर मी अंगठा दाबून धरला, तर लेन्ससमोर अंगठ्याचंच एक टोक आलं, आणि कॅमेऱ्याला इतक्या वेळात पहिल्यांदा काहीतरी ठसठशीत दिसलं. अंगठ्यावर फोकस लावायला तो धावला. मग दिवा कायमचा बंद करावा म्हणून मी मेन्यू उघडला. मागचा पडदा उजळला आणि सगळ्या मंडपात एकट्या माझ्याच तोंडावर निळा उजेड पडला.

‘बघा,’ संकासुर म्हणाला, ‘आता सोताच्या थोबाडार दिवो मारून बघता. तां तरी दिसता काय रे?’

मेन्यूत मी दिवा बंद केला. त्याच्याखालीच ‘बीप’ नावाची ओळ होती; तो ‘पिक्’ही कुणाला ऐकू जायला नको म्हणून तीही बंद करून टाकली. ही दुसरी गोष्ट मी लगेच विसरलो.

संकासुरानं वेद चोरले, विष्णूनं ते परत आणले. माझा फोकस कुणी आणला नाही. वास्तविक त्याच्या जिभेवर मधला बिंदू धरला असता तर काम झालं असतं. काळ्यावर लाल, दोन्ही बाजूंना लख्ख कड. त्या सगळ्या पेहरावात ऑटोफोकससाठी देवानं ठेवलेली तेवढी एकच जागा होती. पण त्या जिभेनं जे चालवलं होतं त्यानंतर तिच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.

आडदशावतार संपला आणि मी चहाच्या टपरीवर आलो. तिथं मला कळलं की गावात प्रत्येकाला फोटोग्राफीतलं काहीतरी कळतं. एकानं सांगितलं, लेन्स काढून फुंकर मार. दुसरा म्हणाला, बॅटरी उतरली असेल. न्यू जर्सीत माझा एक शाळासोबती आहे, त्याच्याकडे तेव्हा दुपार. त्याला मेसेज केला. ‘आयएसओ वाढव’ असं उत्तर आलं. मी तो २५,६०० केला. आता, आयएसओचा ऑटोफोकसशी संबंध नाही. तो फोटो काढणाऱ्या सेन्सरचा मामला. फोकस हुडकणारा सेन्सर वेगळा, तळाशी बसलेला, त्याला ही बढती मिळत नाही. परिणाम एवढाच झाला की अस्पष्ट फोटो अस्पष्ट राहून वर दाणेदार झाले. ‘मग एफ/८ कर, सगळं फोकसमध्ये येईल,’ असा दुसरा मेसेज आला. कॅमेरा फोकस हुडकताना लेन्सचं तोंड पूर्ण उघडंच ठेवतो, आठ करा नाहीतर अकरा. आकडा लागू होतो तो फोटो निघताना. तेव्हा हुडकणं होतं तसंच राहिलं आणि उजेड कमी पडल्यामुळं पडदा अर्धा-अर्धा सेकंद उघडा राहायला लागला. आख्यानात विष्णू पुन्हा आला. विष्णूला चार हात असतात असं शास्त्र सांगतं. माझ्या फोटोत ते मोजता येत नाहीत.

तिसरा सल्ला मात्र मला पटला : फोकस लागेपर्यंत अडून बसणारी पद्धत सोड, सतत फोकस करत राहणारी लाव, तीत कॅमेरा कशाची वाट बघत नाही. लावली. काय सांगू, काय मोकळं वाटलं! बटण दाबलं की खट्, दाबलं की खट्. राजा, प्रधान, राणी, दासी, सगळ्यांचे खटाखट फोटो. मार्चपासून डिसेंबरपर्यंतची सोय झाली, वर अधिक मासासाठीही शिल्लक.

मध्येच आतेभाऊ फोटो बघायला आला. त्यानं एक फोटो मोठा केला, सरकवला, आणखी मोठा केला.

‘दादा, ह्यो राजा पुसट कित्याक?’

‘हलला असेल.’

‘मगे राणी?’

‘तीही.’

‘आणि ह्यां काय?’ त्यानं बोट ठेवलं तिथं, राजाच्या खांद्यामागं, एक फ्लेक्स होता. सिमेंट, पत्रे, पाइप आणि नळफिटिंगच्या एका दुकानाचा. जत्रेला वर्गणी दिली म्हणून समितीनंच तो मागं टांगू दिलेला. पांढऱ्यावर काळी जाड अक्षरं. दुकानदाराचा मोबाइल नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत वाचता येत होता. पुढचा फोटो उघडला, त्यातही नंबर. राणीमागं ‘पत्रे’, प्रधानामागं ‘योग्य दरात’. फरक शोधणाऱ्या यंत्राला त्या काळोखात सगळ्यात ठळक फरक जिथं दिसला तिथं ते रात्रभर इमानानं जाऊन बसलं होतं.

फोटो अस्पष्ट का आला हे ओळखायची रीत सोपी आहे, आणि ती मला तिथंच, दोन माणसांदेखत शिकावी लागली. सगळंच एका दिशेनं ओढल्यासारखं दिसलं तर तुमचा हात हलला. मागचं स्थिर आणि माणूस तेवढा फराटलेला असेल तर माणूस हलला. आणि माणूस शांतपणे, जागच्या जागी धूसर असून त्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी लख्ख असेल, तर फोकस तिकडं गेला. मी राजावर हलल्याचा जो आरोप केला होता तो इथं रद्द झाला.

मला त्या वेळी राहून राहून पोलरॉइडची आठवण येत होती. १९७८ साली त्यांनी असा कॅमेरा काढला होता की तो ऑटोफोकससाठी उजेड वापरतच नसे. आवाज सोडायचा, तोही माणसाला न ऐकू येणारा, आणि प्रतिध्वनी किती वेळात परत आला त्यावरून अंतर काढायचा. मिट्ट काळोखात चालायचा. खिडकीच्या काचेतून मात्र नाही, कारण आवाज काचेवरूनच परत यायचा. दशावतारात काच नसते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७७ साली, कोनिकानं ऑटोफोकसचा पहिला कॅमेरा बाजारात आणला, आणि १९८५ साली मिनोल्टानं तो अंगातच बसवलेला एसएलआर काढून सगळ्या धंद्याची दिशा बदलली. पुढं या शोधाच्या पेटंटवरून हनीवेल कंपनीनं मिनोल्टाला अमेरिकेत कोर्टात खेचलं आणि १९९२ साली मिनोल्टाला बारा कोटी डॉलरच्या वर रक्कम मोजावी लागली. एवढी भांडणं, एवढा पैसा, आणि शेवटी पत्रे आणि पाइप. हे सगळं मी टपरीवर आतेभावाला सांगितलं. तो म्हणाला, ‘दादा, च्या थंड होता.’

गावातला स्टुडिओवाला हे सगळं ऐकत जवळच उभा होता. त्यानं स्वतःच्या समाधानासाठी कॅमेरा आणला होता, माझ्यापेक्षा जुना, पट्टा शिवून घेतलेला. मी त्याचं काम फुकटात पळवलं होतं. तो रागावला असता तर मला हलकं वाटलं असतं. तो रागावला नाही.

‘भाऊ, कॅमेरो बरो आसा तुमचो,’ तो म्हणाला. ‘पण तेका कित्याक इचारतास? नाटक खंय चलता? बाकड्यार. मगे बाकड्यार एकदा फोकस करा आणि लेन्सचो खटको ‘एम’वर टाका. मगे तो हुडकूचो नाय. एफ/४ ठेवा.’

एवढं साधं होतं. बाकड्याच्या पांढऱ्या चादरीची कड आणि काळं लाकूड, यावर कुठल्याही कॅमेऱ्याचा फोकस लागतो. लागला की खटका ‘एम’वर, मग लेन्स जागची हलत नाही. जो बाकड्यापाशी येईल तो फोकसमध्ये. स्टुडिओवाला वर्षानुवर्षं हेच करत आला होता. जाताना तो आणखी एक वाक्य बोलला, पण तेवढ्यात पखवाज सुरू झाला. मी मान हलवली.

मी त्याचं सगळं ऐकलं, एफ/४ सोडून. एफ/१.८ च्या लेन्सला मी पैसे मोजले होते. तिच्यावर एफ/४ लावणं मनाला पटेना. तोटा असा की माझ्या कॅमेऱ्यावर या लेन्सनं एफ/१.८ ला, तीन मीटरवर, जेमतेम वीतभर पट्टा फोकसमध्ये राहतो. एफ/४ ला तो दोन फुटांच्या घरात जातो. राजा बाकड्यावर बसलेला असेपर्यंत मी आणि स्टुडिओवाला बरोबरीचे फोटोग्राफर होतो. पण दशावतारातला राजा बसतो किती? दोन वाक्यं. तिसऱ्या वाक्याला तो उठतो, एक पाऊल पुढं टाकतो आणि तलवारीला हात घालतो. तेवढं पाऊल त्याला माझ्या वीतभर पट्ट्याबाहेर घेऊन गेलं.

आत्येला मी ते फोटो पडद्यावर दाखवले. तिनं चष्मा वर केला, खाली केला. कुणाचंही मन मोडायची तिला सवय नाही.

‘बाकडां मात्र बरां इलां हा,’ ती म्हणाली.

पहाट झाली. दहीकाल्याची वेळ. आभाळ उजळलं, मंडपाबाहेर माणसं जमली, मडकं फुटलं, पोरं दह्यात न्हाली, कलाकार रंग पुसता पुसता प्रसादाला आले. संकासुर बुरखा काढून उभा होता. माझ्याहून वयानं मोठा, शांत गृहस्थ निघाला. ‘रागावलात नाय मां?’ असं त्यानं स्वतः येऊन विचारलं. मी म्हटलं, छे. आता उजेड होता, म्हणजे राज्य माझं होतं. त्याचा फोटो काढला, पोरांचे काढले, आत्येचा, आतेभावाचा, सगळ्या मानकऱ्यांचा एकत्र. कॅमेरा एकदाही अडला नाही, हुडकला नाही. ‘पिक्’ होत नव्हतं, पण तो आवाज मीच बंद केल्याचं तेवढ्यात आठवलं आणि स्मरणशक्ती शाबूत असल्याचं समाधान वाटलं. चौकटीतून माणसं जरा धूसर दिसत होती खरी. रात्रभर जागलेल्या डोळ्यांना तसं दिसतंच.

लेन्स अजून ‘एम’वर होती. बाकड्याच्या अंतरावर. बाकडं मंडपात होतं.

पखवाजाखाली दबलेलं स्टुडिओवाल्याचं ते वाक्य काय होतं हे मला परतीच्या गाडीत, चिपळूणच्या आसपास कळलं.

दिनदर्शिका मात्र वेळेवर निघाली. आतेभावाची मुलगी शाळेत आहे. ती त्या रात्री माझ्या शेजारीच खाजं खात बसली होती आणि मधूनमधून मोबाइल उचलत होती. तिचे फोटो लख्ख आले, संकासुराचे धरून. त्यात तिचं काही विशेष कौशल्य नाही, हे मी समितीच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा, त्याच्या लेन्सचं फोकस-अंतर काही मिलिमीटर. अशा लेन्सला पुढचं-मागचं बरंचसं आपोआपच फोकसमध्ये मिळतं. शिवाय रात्रीच्या वेळी मोबाइल एका दमात अनेक फोटो घेऊन त्यांचा एक बनवतो. हे सगळं भौतिकशास्त्र आणि गणित आहे, कला नव्हे. माझ्या त्या मजकुराखाली कुणीतरी अंगठा टाकला. तो अंगठा त्या मुलीचा होता.

बारा महिने तिचे. मागच्या पानावर माझा एक फोटो आहे : राजा धूसर, फ्लेक्स स्वच्छ. दुकानदारानं तो स्वतः निवडला आणि त्या पानाचे पैसे भरले, तेव्हा सबंध दिनदर्शिकेत समितीला पैसे मिळवून देणारा फोटो तेवढा माझाच. खाली बारीक अक्षरात ‘छायाचित्र : दादा, मुंबई’ असं छापलं आहे.

कार्तिकापासून कोकणात जत्रा सुरू होतात. कॅमेरा घेऊन जाणार असाल तर बहुतेक लेन्सच्या डाव्या अंगाला एक लहान खटका असतो, तो निघण्याआधी एकदा बघून ठेवा आणि पहाटे पुन्हा बघा. आणि पुढच्या रांगेत बसणार असाल, तर तो दिवा संकासुर येण्याआधीच बंद करा. माझ्या मेन्यूत ती ‘बीप’च्या वरची ओळ.